लावणारे

मोठ्या लीगमध्ये कबड्डी खेळणारा विनोद नवापूरजवळच्या आपल्या गावात संघाची जर्सी घालूनच आला. सट्ट्याच्या नादाबद्दल लोकांना सावध करायला संघाने त्याला पाठवलं होतं, प्रश्नांचा छापील कागद देऊन. शाळेच्या ओट्यावर उभं राहून त्याने पहिला प्रश्न वाचला, "तुमच्यापैकी लावणारे कोण कोण आहेत? लाजू नका, हात वर करा."

सगळ्यांनी हात वर केले. सोमीआजीचा चिखलाने माखलेला हात तर सगळ्यांत उंच.

"आजी, तू पण?"

"मग काय! सकाळपासून लावतेय, कंबर मोडली. भात काय आपोआप लागतो?"

विनोदलाही हसू आवरेना. "अगं, भात नाही. मॅचवर पैसे लावणारे!"

भराभर हात खाली आले. विनोदच्या शेजारी राहणाऱ्या इसहाकचा तेवढा वरच राहिला. "मी लावले. मोटरसायकल गेली त्यात. म्हणून तर आज चालत आलो."

"अरे, पण लावलेस कशाला?"

"आता घ्या! मोबाईलवरच्या जाहिरातीत मांडी थोपटून तूच सांगतोस ना, लावा म्हणून?"

पुन्हा हशा पिकला. सोमीआजी तेवढी हसली नाही. म्हणाली, "बाळा, लावणाऱ्याने तर कबूल केलं. आता लावायला लावणाऱ्यांनी काय, नुसतेच हात वर करायचे?"

विनोदने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. मग त्याने, वर्गात चूक कबूल करताना करायचा तसा, एक हात वर केला.