सत्तेचाळीस किलो

दार लाथेनं उघडून काकासाहेब जिममध्ये शिरला, तेव्हा गोरक्ष वजनकाट्याभोवतीची ओकारी फडक्यानं पुसत होता. त्यानं मान वर केली आणि बूट थेट तोंडावर बसला.

गोरक्ष राहुरीकडचा जुना पैलवान, आता इथं व्यायामाचा मास्तर. पण काकासाहेबाबरोबर आलेल्या दोघांनी तो सावरायच्या आत त्याचे हात मागं ओढून धरले. दुसऱ्या लाथेनं ओठ फाटला. तिसरी बरगडीत बसली, तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा आवाज फुटला.

"सुकू कुठं पडली?" काकासाहेबानं विचारलं.

"हितंच. काट्यावरून उतरताना."

"पडायच्या आधी काय बोलली?"

"काय न्हाई."

"कुनाजवळ काय बोलली?"

"म्हनलो ना, काय न्हाई. डोळं फिरवलं आन् गेली खाली."

शिर्डी रस्त्यावरचं ते लग्नाचं लॉन्स एका वाहिनीनं वजन उतरवण्याच्या स्पर्धेच्या कार्यक्रमासाठी तीन महिने घेतलं होतं. बारा स्पर्धक आणि एक काटा. ज्याचं वजन सगळ्यात कमी घटायचं, तो त्या आठवड्यात घरी जायचा. सुकन्या काकासाहेबाची धाकटी बहीण, सोनईची अंगणवाडी सेविका. आली तेव्हा एकशेएकवीस किलो होती. अकरा आठवड्यांत ती चौऱ्याहत्तरवर आली. शुक्रवारी अंतिम फेरी होती, आणि आज बुधवारी सकाळी ती कोसळली.

सोनईच्या चौकात तिचा मोठा फ्लेक्स लागला होता. वर ती, आणि खाली तिच्याहून मोठा, हात जोडून उभा काकासाहेब. 'भावी जिल्हा परिषद सदस्य.' आईवडील राहिले नव्हते, त्यामुळं रविवारच्या भेटीला तोच यायचा. बहीणभावाची मिठी कॅमेरा जवळून टिपायचा. प्रेक्षकांना ती फार आवडायची.

गोरक्षची शिस्त मात्र कुणालाच आवडत नव्हती. वजनाच्या आधी दोन दिवस पाणी बंद. अंगात प्लास्टिकचं जॅकेट घालून उन्हात पळायचं. सुकन्याचे केस मूठमूठ गळत होते. पायात गोळे येऊन ती ओरडत उठायची. गोरक्ष म्हणायचा, "रडून घे, तेवढंच पानी कमी व्हईल."

काकासाहेबानं गोरक्षला खाली वाकवून त्याचा उजवा पंजा काट्यावर सपाट दाबला. रॅकवरचं दहा किलोचं डंबेल उचललं आणि बोटांवर आणलं. काट्यावर आकडा उमटला, थरथरला, विझला. गोरक्ष कुशीवर कोसळला.

कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. काकासाहेबाचं तिकडं लक्ष गेलं. त्यानं केस मागं सारले आणि आवाज चढवला.

"माझ्या बहिनीला गोळ्या कुनी दिल्या, सांग."

"कसल्या गोळ्या?" गोरक्षनं कण्हत विचारलं.

डंबेल पुन्हा खाली आलं. या वेळी मनगटावर.

हवालदार आसाराम पोचले, तोवर गोरक्ष शुद्धीत नव्हता. त्याला रुग्णवाहिकेत घातलं. फाटकाशी गर्दी जमली होती. काकासाहेब बाहेर येताच दोघातिघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एका म्हातारीनं पदरानं त्याच्या कपाळावरचं रक्त पुसलं. ते त्याचं नव्हतं.

"गुन्हा तर नोंदवावाच लागंल, काकासाहेब," जीपमध्ये आसाराम म्हणाले. "पन कुनीबी भाऊ असता तर हेच केलं असतं. आदी बहिनीला बघून घ्या, मग ठाण्यात जाऊ."

"ती शुद्धीवर आली का?"

"अजून न्हाई म्हनत्यात."

काकासाहेबानं डोळे मिटले.

दवाखान्यात डॉक्टर भारती आयसीयूच्या दाराशी भेटल्या. सकाळपासून त्या हलल्या नव्हत्या.

"हृदय एकदा बंद पडलं होतं. शॉक देऊन चालू केलं," त्या म्हणाल्या. "इतक्या झपाट्यानं वजन उतरवलं, वर पाणी तोडलं. शरीरातलं पोटॅशियम पार खाली गेलंय. आणि आम्हाला दाट संशय आहे की तिला लघवी होण्याच्या गोळ्या चालू होत्या. बऱ्याच दिवसांपासून."

"त्या मास्तरचंच काम," काकासाहेब आसारामांकडं बघत म्हणाला.

"दोन्ही दंडांवर बोटांचे वळ आहेत. जबड्याखालीही आहेत, तोंड दाबून उघडल्यासारखे. तीन-चार दिवसांचे असावेत."

आसारामांनी वहीत लिहून घेतलं. "रविवारच्या आसपास," ते पुटपुटले आणि मान हलवत म्हणाले, "जनावर हाय."

काकासाहेब भिंतीला टेकून खाली बसला.

"डॉक्टर, ती डोळं उघडंल तवा पहिला मी पाहिजे. दुसऱ्या कुनाला आत सोडू नका. पोलिसांनाबी न्हाई. घाबरंल ती."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांनी स्वतः त्याला पाणी आणून दिलं.

तीन तास गेले. काकासाहेब उठला नाही, काही खाल्लं नाही. येणारीजाणारी माणसं त्याच्याकडं बघून हळू बोलत होती. दार उघडायचं तेव्हा तो ताडकन उभा राहायचा, आणि नर्स मान हलवून निघून जायची.

चारच्या सुमारास डॉक्टर भारती बाहेर आल्या. दार त्यांनी पाठीमागं ओढून घेतलं.

"शुद्धीवर आलीय. नळी काढली. बोलतेय थोडं."

काकासाहेब पुढं झाला. डॉक्टर दारातून हलल्या नाहीत.

"मी सांगितलं तिला, तुझा भाऊ दुपारपासून बाहेर बसून आहे," त्या म्हणाल्या. त्या आता त्याच्याकडं बघत नव्हत्या, आसारामांकडं बघत होत्या. "तर माझा हात धरून म्हणाली, आतून कडी लावा, पुढची गोळी घेऊन आला असंल."