पुण्याच्या फ्लॅटचे ग्लास

“आई, आपण इथून नक्की कधी चाललोय?”

‘आईला विचारूनच दाखव,’ अशी पैज उर्जाच्या मैत्रिणींनी लावली होती. जेवणाच्या टेबलामागे छताला टेकलेली खोकी पाहून त्यांना वाटलं, ही मंडळी जर्मनीतलं र्युसेल्सहाइम सोडून चाललीत. खोक्यांत फुंकून घडवलेल्या निळ्या काचेचे ग्लास होते, डिझायनर प्लेट्स होत्या. दर सेलला आईबाबा हौसेनं एक खोकं आणत आणि न उघडता रचून ठेवत. मैत्रिणींना सरबत मात्र मस्टर्डच्या रिकाम्या बरण्यांतून मिळालं होतं.

“ते पुण्याच्या फ्लॅटसाठी आहे गं,” आई म्हणाली. “एक फुटला तरी सेट मोडतो.”

“दोन वर्षांत जाऊच की,” बाबा म्हणाले. हे ते उर्जा बालवाडीत असल्यापासून म्हणत होते.

“तोवर मी बरणीतूनच पाणी प्यायचं?”

“काचच आहे ना तीसुद्धा?” बाबा हसले.

उर्जाचं डोकंच फिरलं. तिनं खुर्चीवर चढून वरचं खोकं खाली घेतलं, टराटरा टेप फाडली, एक निळा ग्लास काढून नळाखाली धरला आणि गटागटा पाणी प्यायली. आईनं तोंडावर हात ठेवला.

“आल्झो, तर मी ठरवलंय,” ओठ पुसत उर्जा म्हणाली. “तुम्ही खुशाल पुण्याला जा. मी इथेच राहणार. आणि मला भेटायला याल ना, तेव्हा तुम्हाला पाणी याच ग्लासातून देईन.”