बंद केलेलं बटण

"खोलीत कुणी नाही आणि हा डबा घूं घूं करतोय! बिल तुझा साहेब भरणार का गं, केतकी?" असं ओरडून मी भिंतीवरचं बटण बंद केलं. सून गच्चीत कपडे वाळत घालत होती. जेवणं झाली की घरभर फिरून बटणं बंद करायची, हा माझा नेमच आहे.

केतकी खाली आली आणि बंद पडलेला कॉम्प्युटर बघून सांगू लागली. तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहिती देणारी वेबसाइट आहे. तिथं एक शब्द शोधायचा तर माणूस चहा पिऊन येईल, इतका वेळ लागतो. तो लगेच सापडावा म्हणून कॉम्प्युटर सकाळपासून सगळ्या पानांची सूची तयार करत होता. ती आता पुसली गेली. चार वाजता साहेबाला दाखवायची होती. जमलं असतं तर नोकरी पक्की.

"पडदा काळा होता. मला वाटलं, उगाच चालू राहिलाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

तेवढ्यात साहेबाचा फोन आला. तिनं स्पीकर लावला.

"सॉरी सर, माझ्याच हातून बटण बंद झालं."

"एवढंही भान नाही? मग तुम्हाला पक्कं कशाला करायचं?"

माझ्याकडे केतकीनं बघितलंसुद्धा नाही.

चूक मी नवऱ्यापुढंही कधी कबूल केली नव्हती. तिच्या हातातला फोन ओढून घेतला.

"साहेब, मी हिची सासू. बटण मी बंद केलं. तिला उद्यापर्यंत वेळ द्या, आणि काय बोलायचं ते मला बोला."