धोंडूची बदली

धोंडूच्या तेराव्याला, ऐन पानं वाढायच्या वेळी, त्याचा फोन वाजला.

इतके दिवस तो बंद होता. फोटोला हार घालताना कुणीतरी चालू करून शोकेसवर ठेवला असणार. सोनूबाई भाताचं पातेलं धरून तशीच उभी राहिली. नवऱ्याला रोज याच टायमाला कुणाचा फोन यायचा ते तिला ठाऊक होतं.

"भावजी, घ्या हो," ती शेजारच्या जयवंतला म्हणाली. "ते गेले म्हणान सांगू नका तिका. माझ्यान आयकवचा नाय."

जयवंत फोन घेऊन गॅलरीत गेला.

"नमस्कार धोंडूभाऊ. आज पोटात किती दुखतंय? शून्य ते दहामध्ये सांगा."

ती म्हणजे माणूस नव्हे. परळच्या इस्पितळातली एआय. धोंडूच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टरांनी लावून दिलेली. दुखणं, जेवण, वजन, शीचा रंग, सगळं विचारायची. काही वाकडं वाटलं की डॉक्टरांना कळवायची. धोंडू बोलून थकला की फोन जयवंतकडे सरकवायचा. "भर रे माझी बदली," म्हणायचा.

जयवंतला ते काम नवीन नव्हतं. गिरणीत तो बदलीवालाच. कायमचा कामगार आला नाही तरच फाटकातून आत घ्यायचे, त्याचा साचा, म्हणजे माग, चालवायला. धोंडू मुद्दाम खाडे करायचा, जयवंतला काम मिळावं म्हणून. जॉबर, खात्याचा मुकादम, लांबूनच "ए धोंडू" ओरडायचा, साच्यावर कोण आहे ते बघायचासुद्धा नाही. जयवंत ओ द्यायचा. मग संप झाला, गिरणी गेली, आणि जयवंतचं नाव कायम व्हायचं राहिलं ते राहिलंच.

आताही त्यानं ओ दिली. "दोन," म्हणाला. अगदीच खोटं नव्हतं. सकाळपासून त्याचंच पोट जरा दुखत होतं.

सोनूबाई दाराआड ऐकत होती. कुणीतरी धोंडूला नावानं हाक मारत होतं आणि कुणीतरी उत्तर देत होतं. तेवढ्यापुरता तो घरात होता.

दुसऱ्या दिवशी तिनंच फोन चार्जिंगला लावला. जयवंतचा चहा समोर ठेवला. "स्पीकरवर लावा," म्हणाली.

मग हे रोजचंच झालं. खोटी उत्तरं रचायला डोकं लागतं, जयवंतला ते जमेना. तो आपला स्वतःचंच सांगायचा. भूक लागते का? पूर्वीसारखी नाही. अंगाला खाज? सुटते. शी? जरा पांढरट. ती "बरं" म्हणायची आणि पुढचं विचारायची.

एके दिवशी सोनूबाई त्याच्याकडे टक लावून बघत बसली.

"भावजी, तुमी ह्यांच्यासारखे बसतास."

जयवंत पुढं वाकला होता. पोटाशी उशी दाबून. धोंडू शेवटचे महिने तसाच बसायचा.

"बदली भरायची तर नीट नको भरायला?" तो हसला.

फोन ठेवल्यावरही उशी पोटाशीच राहिली.

समोरच्या खोलीतल्या कमलाबाईनं त्याचे पिवळट डोळे बघितले आणि सोनूबाईला बाजूला घेतलं. "धोंडू सुटलेलो नाय गो. रोज त्याचा नाव घेतास, तो येतलो नाय तर काय? गाऱ्हाणा घाल." सोनूबाईनं देवापुढं नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. जयवंतचा सदरा खांद्यावरून आणखी उतरला. धोंडूचाच सदरा तो. मागच्या दिवाळीला जयवंतला घट्ट होत होता.

आणि ती फोनवालीही बदलली होती. आता ती "धोंडूभाऊ" म्हणायची नाही. नुसतं "नमस्कार". विचारायची ते वेगळंच. दुखणं पाठीत जातं का? कधीपासून? साखर आधी कधी तपासली होती? उत्तर दिलं की गप्प व्हायची. कान देऊन बसल्यासारखी.

"असला काय ती ह्यांका कधी इचारूक नाय," सोनूबाई म्हणाली. "भावजी, बदली पुरे. आज सांगून टाका. नायतर तो तुमकाव घेऊन जातलो."

जयवंतनं चहा तसाच सरकवला. हल्ली त्याला वास सहन होत नव्हता.

"आणि मग ह्या घरात धोंडूदाला हाक कोण मारणार वैनी?"

सोनूबाईनं फोटोकडे बघितलं नाही. त्याच्याकडेच बघत राहिली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "आज सांगतो."

फोन वाजला. त्यानं घसा साफ केला, पण फोनवालीच आधी बोलली.

"नमस्कार. आज मी काही विचारणार नाही. तुमची एवढ्या दिवसांची उत्तरं डॉक्टरांनी ऐकली आहेत. ते तुमच्यासाठी ओपीडीत थांबले आहेत. आजच्या आज या, अजून वेळ आहे. नवीन केसपेपर काढायचा आहे. नाव सांगा."

जयवंत उशी दाबून बसला होता. सोनूबाईनं त्याचं मनगट धरलं. त्याचे ओठ हलले, आणि जन्मभराच्या सवयीनं तेच बाहेर आलं.

"धोंडू."

"धोंडूभाऊ गेले," पलीकडून ती म्हणाली. "तुमचं सांगा."