शब्दांचा पेपर

"उलटा अर्थ आधी सांगा," भांडी घासता घासता ती म्हणाली.

"अगं, पेपरात सारख्या अर्थाचा शब्द विचारणार आहेत. उलट्याचं काय लोणचं घालायचंय?"

"उलटा कळला की सुलटा पक्का बसतो. सांगा ना."

नवऱ्याने चिठ्ठी उजेडात धरली. "डिलिजंट. म्हणजे कष्टाळू. सारखा शब्द हार्डवर्किंग. उलटा, लेझी. लेझी म्हणजे कोण? आठ महिने घरी बसलेला तुझा नवरा."

ती हसली नाही. "लेझी, लेझी, लेझी. पुढचा."

पहाटेचे साडेपाच वाजले होते, आणि हे असं रोज, बरं का! लेथवर सोळा वर्षं काढलेला माणूस तो. कारखान्याला कुलूप लागलं आणि त्याच्या हातांना काही कामच उरलं नाही. जाईल तिथे एकच ऐकायचा, "तरुण पोरं हवीत." ती नर्स. तिच्या एकटीच्या पगारावर चार तोंडं. दोघं, त्याची आई आणि तीन वर्षांची ठकी. अशात परदेशातल्या हॉस्पिटलची जाहिरात आली. पाच वर्षांचा करार, मूल सोबत नेता येणार नाही.

त्या दिवशी ती एकदाच म्हणाली होती, "ठकीला सोडून?"

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. तो भिंतीकडे तोंड करून बसला. दोन दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून शब्दांचं जाडजूड पुस्तक घेऊन आली. "बसते परीक्षेला," एवढंच म्हणाली. पुन्हा म्हणून तिने तो विषय काढला नाही.

इंजेक्शन, ड्रेसिंग, सगळ्या कामाच्या परीक्षा ती एका फटक्यात पास झाली. राहिला इंग्रजी शब्दांचा पेपर. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला फक्त पंचवीस! तिकडे नर्सचा एवढा दुष्काळ. पण भरती ही शेवटचीच. यात राहिली ती कायमची राहिली.

"चाळीसेक प्रश्नांपुरते शब्द पाठ केलेस तरी गंगेत घोडं न्हालं," तो म्हणायचा.

"नाही. सगळे यायला हवेत. एकही उत्तर अंदाजाने नको. नशिबाचा काय भरवसा? कधी कुणीकडे फिरेल."

त्याला बायकोचा केवढा अभिमान वाटायचा! अन् घराची दशा विचारू नका. नळावर चिठ्ठी, कपाटावर चिठ्ठी, डब्यांच्या झाकणांवर चिठ्ठ्या. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "घर आहे की छापखाना?" वॉर्डात सुई टोचताना ती पुटपुटायची. एका आजोबांनी तर विचारलं, "सिस्टर, मला शिव्या देताय का?"

"ऑब्स्टिनेट," एकदा तो म्हणाला. "हट्टी. हा पाठ नको करूस, आरशात बघ म्हणजे आठवेल."

"उलटा?"

"कम्प्लायंट. सांगितलेलं ऐकणारी. ही पण तूच. बघ, एका बाईत दोन्ही!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुढचा."

ठकी आईच्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. ती तशीच वाकडी होऊन, एका हाताने पुस्तक धरून वाचायची. मान आखडायची, डोळे लाल व्हायचे. एका पहाटे 'रिलक्टंट', म्हणजे मनातून तयार नसलेला, या शब्दाला चारांतला योग्य पर्याय तिला ओळखता आला नाही, तर ढसाढसा रडली. तो घाबरला. "एका शब्दाने काय होतंय गं?"

"असे थोडे थोडे करत पंचवीस होतात," ती नाक पुसत म्हणाली.

"तेच तर म्हणतोय! होतील!"

तिने पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून उघडलं.

परीक्षेच्या दिवशी तो ठकीला कडेवर घेऊन फाटकापर्यंत गेला. आत संगणकावर पेपर. फाटकावरच्या माणसाने बजावलं, "एकही प्रश्न कोरा सोडता येणार नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढचा उघडत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली.

दोन तासांनी बाहेर आली. ताप उतरलेल्या माणसासारखा चेहरा. ठकीने झेप घेतली.

"कसा गेला?" त्याने विचारलं.

"सगळे येत होते," ती म्हणाली. "शंभरच्या शंभर. एकदाही अंदाज करावा लागला नाही."

त्याचे डोळेच भरून आले. ती जाणार, घर सावरणार, आपण पोरीची वेणी घालायला शिकायचं. हे सगळं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

निकाल दुपारीच होता. ती ठकीला मांडीवर घेऊन बाकावर बसली. तो एकटाच निकालाच्या खिडकीशी गेला. आतल्या बाईंनी नंबर टाकला, चष्मा पुसला, पुन्हा टाकला.

"नापास."

"शक्यच नाही! बाई, नीट बघा. घरात एवढं एकच दार उघडं आहे हो. किती मार्क पडले? चोवीस?"

"शून्य."

"शून्य?" तो ओरडलाच. खिडकीची कड त्याने दोन्ही हातांनी धरली. "तुमचं मशीन बिघडलंय! मी स्वतः घेतलाय तिचा अभ्यास. सगळे शब्द तोंडपाठ आहेत तिला!"

"मशीन ठीक आहे, दोनदा नंबर टाकून बघितला," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, उलट त्याच्या खांद्यावरून बाकाकडे बघत होत्या. आवाज एकदम खाली आणून त्या म्हणाल्या, "दादा, बारा वर्षं मी या खिडकीत बसतेय. आमच्या शिपायाने गंमत म्हणून न वाचता बटणं दाबली होती, त्यालाही सत्तावीस पडले. शून्य मी आज पहिल्यांदा बघतेय. शून्य पाडायचं तर शंभरच्या शंभर उत्तरं यावी लागतात."