खालून पहिला

"खालून पहिला कोण आहे?" हॉटेलच्या काउंटरवर मॅनेजर ट्रेंटने विचारलं.

लोर्नाने पडद्यावरची पाहुण्यांची यादी शेवटपर्यंत सरकवली. "टेसमर, ऑर्विल. एकच रात्र. सभासद नाही. स्वस्तातल्या वेबसाइटवरून खोली घेतलीय."

"मग हलव त्याला."

डुलुथमध्ये त्या आठवड्यात शाळकरी मुलींच्या हॉकीचे सामने होते. हॉटेल तुडुंब भरलं होतं आणि लॉबीत ओल्या मोज्यांचा वास सुटला होता. त्यात दोन दिवसांपूर्वी मिस्टर हॉलक्विस्ट यांनी खोली मागितली होती. हॉलक्विस्ट हॉटेलसाखळीचे सर्वांत वरच्या दर्जाचे सभासद. हॉटेल भरलेलं असलं तरी दोन दिवस आधी सांगितलं की अशा सभासदाला खोली द्यावीच लागते. ती आणायची कुठून, हे नियमात लिहिलेलं नाही.

"त्याच्या उशीला ताप आला तरी मुख्य कचेरीतून मला फोन येतो," ट्रेंट म्हणाला. "आणि तुझे गुण काय आहेत ते मी सांगायला नको."

खरंच नको होतं. गेल्या महिन्यात दोन सभासदांनी लोर्नाला दहापैकी तीन दिले होते. तिसऱ्यांदा तसं झालं तर घरी बसायचं, हे ट्रेंटनेच हसत हसत सांगून ठेवलं होतं. नोकरी गेली की विमा जाणार, आणि विमा गेला की तिच्या नवऱ्याचं, डेलचं, आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस.

मिस्टर टेसमर बारा वाजल्यापासून लॉबीतच बसून होते. सत्तरीपुढचे, इस्त्रीचा शर्ट, पायाशी छोटी बॅग. बेमिजीहून बसने आले होते. मांडीवर कागद पसरून त्यांनी अंड्याचं सँडविच खाल्लं आणि सांडलेला चुरा वेचून खिशात टाकला.

लोर्ना त्यांच्यापाशी गेली. तिने पाठ केलेली वाक्यं म्हटली. दिलगीर आहोत, पुलापलीकडे सुपीरियर गावातल्या हॉटेलात तुमच्यासाठी खोली ठेवली आहे, गाडी आमची, नाश्ता आमच्याकडून.

"पण मला इथंच थांबायचंय, बाई," ते म्हणाले. "सहा वाजता एकजण भेटायला येणार आहे. जुनी ओळख आहे. मी पत्रात याच हॉटेलचं नाव कळवलंय."

"फोन करून सांगा ना त्यांना."

"त्याचा नंबर नाही माझ्याकडे." ते जरा ओशाळले. "मी इथं खुर्चीतच बसलो सहापर्यंत तर?"

"गाडी आत्ताच जातेय. परत दुसरी नाही."

त्यांनी सुजलेल्या पायांकडे पाहिलं. मग बॅग उचलली. "तो काउंटरवर माझं नाव विचारेल. मी कुठं आहे ते सांगाल ना? नक्की?"

"नक्की सांगते."

"कितीही वाजले तरी मी जागा आहे म्हणावं."

पहिल्या वर्षी अशा वेळी लोर्ना सामानाच्या खोलीत जाऊन रडायची. आता अकरा वर्षं झाली होती. गाडी वळून गेल्यावर तिने यादीतलं नाव पुसलं आणि स्टेपलरमध्ये पिना भरल्या.

तीन वाजता हॉलक्विस्ट आले. पन्नाशीचे, उंच, कपाळावर आठ्या. खोली अजून पुसून व्हायची होती.

"पुन्हा स्वागत आहे, मिस्टर हॉलक्विस्ट."

"स्वागत राहू द्या. किल्ली?"

"फक्त वीस मिनिटं, सर."

"वर्षातल्या दोनशे रात्री तुमच्याकडे काढतो मी. आणि तुम्ही मला उभं करता?" त्यांनी कार्ड काउंटरवर आपटलं. "नाव काय तुमचं? लोर्ना. बरं."

त्यानंतर चारदा फोन आला. उशीत पिसं आहेत. लिफ्टचा आवाज येतो. सफरचंदं मऊ पडलीत. इस्त्री नीट तापत नाही, आणि मला सहाच्या आत शर्ट हवाय. प्रत्येक वेळी लोर्ना स्वतः वर गेली. शर्ट तर तिने स्वतःच इस्त्री करून दिला. दारात ते जरा नरमले. "हं. आता ठीक."

पावणेसहाला ते खाली आले. हॉकीच्या पिशव्यांमधून वाट काढत दाराजवळ उभे राहिले. कुणी आत आलं की टाय सारखा करायचे. सहा वाजले, सव्वासहा झाले. पावणेसातला ते काउंटरवर आले.

"टेसमर नावाचे कुणी आले होते का? ऑर्विल टेसमर?"

लोर्नाचं तोंड उघडलं. पुलापलीकडे, वीस मिनिटांवर. एवढंच बोलायचं होतं.

"आणि हे पाहा," हॉलक्विस्ट बोट उगारून म्हणाले, "आले असतील आणि तुम्ही त्यांना माझ्यासारखंच ताटकळत ठेवून कुठं घालवून दिलं असेल, तर मी आजच्या आज वर कळवणार. तुमच्या नावानिशी."

ट्रेंटने शेजारच्या पडद्यावरून मान वर केली.

"नाही, सर," लोर्ना म्हणाली. "या नावाचं कुणीच आलं नाही."

हॉलक्विस्ट यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग त्यांनी फोन काढला आणि काउंटरवरच काहीतरी भरलं.

"दहापैकी दहा दिलेत तुम्हाला. शर्टाबद्दल."

"आभारी आहे, सर."

"तुमचा काय दोष? यावेळी त्यानेच स्वतःहून पत्र पाठवलं होतं, म्हणून वाटलं." त्यांनी टाय सैल केला. "आडनाव मी आईचं लावतो. माझा बाप चाळीस वर्षांत एकदाही कबूल केल्या वेळी आलेला नाही."