पोळ्यांची बाई

"ताई, काय वाट्टेल ते झालं तरी बाहेर यायचं नाही," सुदाम दबक्या आवाजात म्हणाला. "कुणी आत आलंच तर तू पोळ्या करणारी बाई. कळलं?"

भागीरथीने मान डोलावली. न कळायला काय झालं? मनालीची आई कधीच वारली, असं सुदामने पाहुण्यांना आधीच सांगून टाकलं होतं. सख्खा भाऊ! पण रागावणार कुठल्या तोंडाने? मारकुट्या नवऱ्याच्या डोक्यात तिने वरवंटा घातला तेव्हा मनाली आठ वर्षांची होती. तेव्हापासून चौदा वर्षं पोरीला वाढवलं ते या मामानेच.

जेलमधून सुटून तीन आठवडे झाले होते. उल्हासनगरात एका कारखान्यात ती जीन्सचे धागे कापायची. तिथेही नाव दुसरंच सांगितलेलं. आज होणारा जावई बघायचाच म्हणून हातापाया पडून ती बदलापूरला, कात्रपच्या या फ्लॅटवर आली होती, आणि बघत काय होती, तर ओटा.

बाहेर मात्र सगळं जमत आलं होतं. सुयोग अंबरनाथच्या कंपनीत पर्मनंट झालेला. मनाली त्याच्याशी चक्क हसून बोलत होती. किती वर्षांनी ऐकलं ते हसू! भागीरथीचा ऊर भरून आला. देवा, एवढं जमू दे, मग मी या दारात पाऊलसुद्धा ठेवणार नाही.

तेवढ्यात सुयोगची आईच आत आली. माधवीताई. हातात स्वतःची कपबशी.

"अहो, ठेवा ना, मी विसळते," भागीरथी गडबडली.

"राहू द्या, सवय आहे." त्यांनी कप विसळून पालथा घातला. "रोज येता का इथे?"

"हो. पोळ्यांना."

"पोरगी गुणी आहे. आई कशाने गेली हो तिची?"

तव्यावरची पोळी करपायला लागली. "तापाने," भागीरथी म्हणाली.

"आईविना वाढणं काय असतं, मला विचारा. आमचा सुयोगही आत्याकडेच वाढला. मी गावाला अडकले होते, सासूबाईंच्या दुखण्यात."

इमारतीमागच्या शाळेत शनिवारची सुटीची घंटा झाली. टण, टण, टण.

भागीरथीच्या हातून लाटणं सुटलं आणि ती फरशीवर उकिडवी बसली. गुडघे जवळ, मान खाली. जेलमध्ये घंटा झाली की असंच बसायचं, दोघी-दोघींच्या जोडीने, गिनती संपेपर्यंत. चौदा वर्षं अंगात मुरलेलं, तीन आठवड्यांत थोडंच जातंय?

मग भान आलं. संपलं सगळं. आता ही बाई बाहेर जाऊन विचारणार, सुदाम चाचरणार, आणि पोरीचं जमलेलं लग्न मोडणार. आईनेच मोडलं! कपाळ फुटलं माझं. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

शेवटी तिने भीतभीत डोळे उघडले.

तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून, काठापदराची साडी तशीच फरशीवर लोळत ठेवून, माधवीताई मान खाली घालून उकिडव्या बसल्या होत्या.